अंगणवाडीतील विविधता आणि समन्याय : मराठवाड्यातील सेविका व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांत अंगणवाडी, बालवाडी किंवा खासगी शिशुवर्ग चालवणाऱ्या सेविका-शिक्षिका आणि तेथे आपली लेकरे पाठवणारे पालक जे प्रश्न बैठकांत, पालक मेळाव्यांत आणि बहुधा मेळावा संपल्यावर दाराशी थांबून हळूच विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः तीन ते सहा वर्षांची मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

सर्व मुलांना सारखे वागवले की झाले. मग ‘समन्याय’ हा वेगळा शब्द कशाला?

सारखे वागवणे ही पहिली पायरी आहे आणि ती सोपी नाही, पण तेवढ्याने भागत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ याच्या मूळ दुसऱ्या अनुसूचीत तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळतील असा आहार ठरवून दिला होता. कुपोषित मुलासाठी मात्र तोच आकडा ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने असा होता (हे निकष २०२३ मध्ये सुधारले गेले). कमी वजनाच्या लेकराच्या ताटात जास्त वाढले म्हणून गावात कोणी पक्षपाताचा आरोप करत नाही, कारण त्याची गरज जास्त आहे हे तराजूवर सगळ्यांना दिसलेले असते. समन्याय म्हणजे नेमके हेच, फक्त ते ताटापुरते न ठेवता बोलणे, वेळ, जागा आणि लक्ष यांनाही लावायचे. अडचण एवढीच की एखाद्या लेकराला आपली भाषा वर्गात ऐकू येत नाही किंवा त्याला कोणी खेळात घेत नाही, ही कमतरता कोणत्याही वजनकाट्यावर उमटत नाही आणि ती सेविकेलाच पाहून ओळखावी लागते.

एवढ्याशा मुलांना जातपात, धर्म कळतो का? आपण बोललो नाही, तर त्यांच्या मनात तरी कशाला येईल?

‘जात’ हा शब्द तीन-चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. पण कोण कोठे बसते, कोणाच्या भांड्याला कोणाचा हात लागू देत नाहीत आणि कोणाला नावाने न हाकारता ‘तांड्यावरचा’ किंवा ‘पारध्याचं’ म्हणून हाकारले जाते, हे त्याला पक्के कळते. एका वाडीतील अंगणवाडीत पाहिलेला प्रसंग येथे सांगावासा वाटतो. मधल्या वेळेत मुले माठापाशी जात, लांब दांड्याच्या ओगराळ्याने आपापल्या पेल्यात पाणी घेत. दोन मुले मात्र माठापासून हातभर अंतरावर ओंजळ करून उभी राहिली होती आणि मदतनीस येऊन वरून पाणी ओतेपर्यंत तशीच थांबली होती. ‘तुम्ही हात लावू नका’ असे त्यांना तेथे कोणीही सांगितलेले नव्हते. गावातल्या दारांपुढे आईला जसे पाणी मिळते, तसेच ते आपल्यालाही मिळायचे, एवढे ती आपोआप शिकून आली होती, आणि उरलेली अठरा मुलेही रोज ते पाहून शिकत होती.

सेविकेने दोन कामे केली. माठाच्या जागी तोटीचे पिंप आणले, म्हणजे ओगराळे कोणाच्या हातात द्यायचे हा प्रश्नच उरला नाही. आणि पाणी देण्याची पाळी रोज दोन मुलांकडे हजेरीपटाच्या क्रमाने सोपवली, त्यात ती दोघेही आली. पहिल्या आठवड्यात एका आजीने येऊन विचारणा केली, तेव्हा सेविकेने वाद न घालता हजेरीपट दाखवून ‘आज याची पाळी आहे’ एवढेच सांगितले. अस्पृश्यता संविधानाच्या अनुच्छेद १७ ने बंद झालेली आहे, हे ठाऊक असणे आवश्यकच आहे. पण गावात रोज राहून काम करणाऱ्या बाईला कलमापेक्षा पाळीची वही अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. बसण्याच्या रांगा, जेवणाच्या पंगती, खेळातील जोड्या या सर्व ठिकाणी तीच वही चालते.

घरी गोरमाटी (बंजारा बोली), दखनी, तेलुगू, कन्नड किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाशी सेविकेने कोणत्या भाषेत बोलावे?

आधी त्याच्या भाषेत, मग दोन्हींत, आणि मराठी हळूहळू. मराठवाड्याला एकच भाषा बोलणारा प्रदेश समजणे ही मोठी चूक आहे. सतराव्या सप्टेंबरला १९४८ साली निजामी राजवट संपली, तरी त्या राजवटीतील दखनी-उर्दू येथील घराघरांत आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू ऐकू येते, उदगीर, निलंगा, उमरगा या सीमेकडच्या भागात कन्नड आहे, किनवट-माहूरच्या डोंगरात कोलामी व गोंडी आहे, आणि बंजारा तांडे तर जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही लहान मुलांचे शिक्षण घरच्या भाषेतून सुरू करण्याचा आग्रह धरतात.

यामागचे कारण भावनिक कमी आणि व्यावहारिक जास्त आहे. मुलाला ‘मोठा-लहान’, ‘आत-बाहेर’, ‘आधी-नंतर’ या कल्पना शिकायच्या असतात; त्या अनोळखी भाषेत शिकवल्या, तर त्याला एकाच वेळी कल्पनाही शिकावी लागते आणि शब्दही, आणि मग ते गप्प बसते. गप्प मुलाला आपल्याकडे ‘मंद’ किंवा फार तर ‘लाजाळू’ म्हणतात. तांड्यावरून आलेली मुलगी आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणते; भाकरीचे चित्र दाखवल्यावर ती ‘बाटी’ म्हणाली, तर तिचे उत्तर बरोबर आहे. ‘हो, बाटी; आम्ही हिला भाकर म्हणतो’ असे म्हटले की तिच्याजवळ दोन शब्द होतात, आणि ‘चूक, भाकर म्हण’ असे म्हटले की तिच्याजवळ एकही उरत नाही.

सेविकेला ती भाषा येत नसेल, तर मुलाच्या आईकडून किंवा मोठ्या बहिणीकडून तीस-चाळीस शब्द देवनागरीत लिहून घ्यावेत. गोरमाटीला स्वतंत्र लिपी नसल्याने तिकडे देवनागरीच वापरली जाते. यादीत पाणी, शी-शू, भूक, दुखणे, भीती, आई, घर, ये, बस, थांब हे शब्द सर्वांत आधी असावेत, कारण ‘शू लागली’ हे सांगता न आल्यामुळे ज्या मुलाची चड्डी पहिल्याच दिवशी ओली झाली, ते दुसऱ्या दिवशी येत नाही. आठवड्यातून एकदा एखाद्या आजीला बोलावून तिच्या भाषेतील गाणे किंवा गोष्ट सर्वांना ऐकवावी. गोष्ट सर्वांना कळली नाही तरी चालते. न कळण्याचा अनुभव एखाद्या दिवशी मराठी बोलणाऱ्या मुलांनाही यावा.

आमच्या मुलांची मराठी ‘अशुद्ध’ आहे. ती अंगणवाडीतच सुधारली पाहिजे ना?

एका लेकराने सांगितले, ‘बाई, पानी सांडायलंय.’ बाई म्हणाल्या, ‘पानी नाही, पाणी म्हण.’ त्याने तीनदा प्रयत्न केला, तोवर पाणी सतरंजीखाली गेले होते. लातूर-बीडकडची बोली ही अशुद्ध मराठी नसून तिचे स्वतःचे नियम असलेली मराठी आहे. पुस्तकी मराठी पुढे शाळेत, कानावर पडून, गोष्टी ऐकून येते, आणि ती यावी हेही योग्यच आहे. सेविकेने उत्तर देताना आपल्या वाक्यात प्रमाण रूप वापरावे, मुलाचे वाक्य मात्र मोडू नये.

आमचा तांडा गावापासून दूर आहे आणि लहान मुले रोज तेवढे चालू शकत नाहीत. वस्तीवरच अंगणवाडी मिळू शकते का?

मिळू शकते, आणि तो उपकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात असा आदेश दिला की ज्या ग्रामीण वस्तीत किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळण्याचा त्या वस्तीला हक्क आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य देण्यासही सांगण्यात आले. केंद्राच्या निकषांनुसार साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० लोकसंख्येला मिनी अंगणवाडी असते, तर आदिवासी व डोंगरी भागात ३०० लोकसंख्येपासून पूर्ण अंगणवाडी देता येते.

मागणी करताना मुलांची नावे, जन्मतारखा आणि पालकांच्या सह्या किंवा अंगठे असलेली यादी जोडावी, ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे देऊन पोहोच घ्यावी. तांडा गावात येत नसेल तर तांड्याची नावे ग्रामसभेच्या ठरावात येत नाहीत, हा अनुभव जुना आहे. म्हणून ठरावाच्या दिवशी दहा-पंधरा आयांनी समक्ष हजर राहणे फार महत्त्वाचे आहे.

विविधता, समन्याय ही सगळी बाहेरून आलेली कल्पना नाही का?

नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, आजच्या पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणाचे काम केले. वंचित वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहिल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

ऊसतोडीला जाताना आम्हाला लेकरे सोबत न्यावी लागतात. सहा महिने त्यांची अंगणवाडी बुडते. त्याला उपाय काय?

या पानावरील सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, गेवराई या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फेडायची असल्याने बाळंतीण असो की आजारी, कोयता अर्धा करता येत नाही. सहा वर्षांवरील मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची आणि शिक्षण हमी पत्रकाची सोय तरी आहे. तीन वर्षांच्या मुलाला मात्र वसतिगृहात ठेवता येत नाही आणि म्हातारे आजी-आजोबाच मागे राहिलेले असतील तर त्यांच्याजवळ सोडतानाही आईचा जीव होत नाही. मग ते लेकरू कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, जाते आणि त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीणही जाते. लहान मुलाचा पाळणा कोणी हलवायचा याचे उत्तर नसल्यामुळे मोठ्या मुलीची शाळा सुटते, म्हणजे येथे एका अंगणवाडीच्या अभावी दोन मुलांचे शिक्षण जाते. शिक्षण खात्याच्या बैठकीत बहिणीची गणती ‘शाळाबाह्य’ म्हणून होते, पण ती ज्याच्यामुळे शाळाबाह्य झाली ते धाकटे लेकरू त्या बैठकीच्या विषयातच नसते.

कायद्याने पाहता अन्न सुरक्षा कायद्यातील हक्क मुलाचा आहे, गावाचा नाही; त्यामुळे कारखान्याच्या तळाजवळच्या अंगणवाडीने ‘आमच्या गावची नाहीत’ म्हणून आहार नाकारणे गैर आहे. प्रत्यक्षात अडचण येते ती नोंदीची, अंतराची आणि, टोळी बेळगाव-बागलकोटकडे असेल तर, भाषेचीही. म्हणून निघण्याआधी घरच्या सेविकेने पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवतो. दसऱ्याच्या आसपास जाणाऱ्या कुटुंबांची यादी मुकादमाच्या नावासह आणि कारखान्याच्या नावासह तयार करून पर्यवेक्षिकेकडे द्यावी. प्रत्येक मुलाचे वजन-उंची घेऊन ती माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावी आणि राहिलेली लस टोचून घ्यावी. ते कार्ड आईने ट्रंकेत न ठेवता सोबत न्यावे. आणि पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचे मोबाइल ॲप) मुलाची नोंद बंद न करता स्थलांतर म्हणून दाखवावी.

परतल्यावरचे काम तितकेच महत्त्वाचे आहे. एप्रिलमध्ये आलेले लेकरू पुष्कळदा वजनाने उतरलेले, उन्हाने रापलेले आणि वर्गातील गाणी विसरलेले असते. त्या पहिल्याच आठवड्यात त्याचे वजन घ्यावे. भिंतीवरच्या हजेरीतक्त्यातील त्याची पट्टी मधल्या काळात काढलेली नसावी. एका सेविकेने गेलेल्या मुलांच्या पट्ट्या तशाच ठेवून त्यांच्या समोर ट्रॅक्टरचे छोटे चित्र चिकटवले होते, आणि मागे राहिलेली मुले रोज हजेरीच्या वेळी ‘ऊसाला गेला’ असे स्वतःच सांगत. ते मूल परत आले तेव्हा वर्गाला त्याचे नाव ठाऊक होते. त्याला ‘कोपीवर काय काय होतं?’ असे विचारावे. बैल, वाढे, मोळी, रात्री भरलेली गाडी यांविषयी ते वर्गातील कोणाहीपेक्षा अधिक सांगू शकते, आणि त्याच मोळ्या मोजून दहापर्यंतचे अंक शिकता येतात.

दिव्यांग मूल अंगणवाडीत घ्यावे की विशेष शाळेत पाठवावे?

अंगणवाडीत घ्यावे, पुढचा निर्णय तपासणीनंतर आणि पालकांसोबत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे नमूद आहेत आणि शासनाच्या पैशावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा असे त्यात स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉलही केंद्राने जाहीर केला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. त्या दिवशी ज्या मुलाविषयी शंका आहे ते हजर असेल हे पाहणे सेविकेचे काम आहे, कारण नेमके तेच मूल त्या दिवशी घरी ठेवले जाते.

बसता न येणाऱ्या मुलाला दोन भिंतींच्या कोपऱ्यात वाकळेची गुंडाळी करून आधार देता येतो; पण मग गोल करून बसायच्या वेळी ते कोपऱ्यात आणि बाकीचे मध्ये, असे होते. अशा वेळी मुलाला गोलाकडे न ओढता गोलच कोपऱ्याकडे न्यावा. कमी ऐकणाऱ्या मुलाला मागून हाक मारू नये, समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहून बोलावे.

आहारात अंडे द्यावे की नाही? आणि आहार कोण शिजवते यावरून कोणी मुले पाठवत नसेल तर?

अंडे ज्यांच्या घरी खातात त्यांना मिळावे, जे खात नाहीत त्यांना केळी द्यावी. राज्याच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागासाठी हाच तोडगा आहे. न खाणाऱ्यांच्या नावाखाली खाणाऱ्यांचे अंडे बंद करणे, हे कुपोषण असलेल्या भागात परवडणारे नाही. खाणाऱ्या मुलाला ‘वास येतो’ असे कोणी म्हणू नये, न खाणाऱ्याला आग्रह करू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आणखी सरळ आहे. शालेय मध्यान्ह भोजनात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला होता, आणि अंगणवाडीलाही तीच दिशा लागू पडते. शिजवणारी बदलून तंटा मिटवणे म्हणजे तंटा करणाऱ्याचे म्हणणे मान्य करणे होय. सेविकेने रोज मुलांसोबत तेच अन्न खावे.

कोणते सण साजरे करावेत?

वर्गात ज्यांची मुले आहेत त्यांचे. पोळा आणि संक्रांत असतेच. त्यासोबत ईदचा शिरखुर्मा, १४ एप्रिलची भीमजयंती, तांड्यावरची तीज, आणि लातूर-धाराशिवकडे येळवसेची (वेळा अमावास्या) भज्जी व आंबील यांनाही जागा असावी. तिजेला टोपलीत गहू पेरतात. सर्व मुलांनी एकेक करवंटी घेऊन गहू पेरला तर सणही होतो आणि बी कसे उगवते हेही दिसते.

वेशभूषेच्या कार्यक्रमांविषयी मात्र सावध राहावे. सव्वीस जानेवारीला आरशांचा घागरा घातलेली ‘बंजारा मुलगी’ म्हणून गावातील एखाद्या पुढाऱ्याची लेक मंचावर नाचते आणि खरी तांड्यावरची मुलगी साध्या फ्रॉकमध्ये खाली बसून पाहते, हे दृश्य दुर्मिळ नाही.

मुलगे आणि मुली यांच्यात या वयात काय फरक पडतो?

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर १००० मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८९४ होत्या. ज्या जिल्ह्यात मुलगी जन्माला येण्यापासूनच झगडते, तेथे झाडू मुलीच्या हातात आणि चेंडू मुलग्याच्या हातात देण्याची सवय अंगणवाडीने तरी लावू नये. भातुकली आणि ठोकळे दोन्ही सर्वांसाठी खुले ठेवावेत.

आधार कार्ड किंवा जन्मदाखला नसेल तर मूल नाकारता येते का?

नाही. आधारविषयक निकालात, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आधार क्रमांक नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही असे म्हटले आहे. पालांवर राहणाऱ्या भटक्या कुटुंबांसाठी हे लक्षात ठेवावे. आधी मूल आत घ्यावे, कागद नंतर करावेत.

हे सगळे सेविकेनेच करायचे का? तिला आधीच किती कामे आहेत!

ही तक्रार खरी आहे. नोंदवह्या, मोबाइलवरील माहिती, सर्वेक्षणे, गृहभेटी आणि आहार सांभाळून ती शिकवते, तेही वेतनावर नव्हे, मानधनावर. ग्रॅच्युइटीचा हक्कदेखील सर्वोच्च न्यायालयाच्या २५ एप्रिल २०२२ च्या निकालाने मान्य झाला. तिलाच न्याय न देता तिच्याकडून न्यायाची अपेक्षा करणे विसंगत आहे. म्हणून वर सुचवलेल्या बहुतेक गोष्टी वेगळा तास न लागणाऱ्या निवडल्या आहेत : तोटीचे पिंप, पाळीची वही, शब्दांची यादी, भिंतीवरची पट्टी.

भेदभाव होत असेल तर तक्रार कोठे करावी?

प्रथम सेविकेशी आणि पर्यवेक्षिकेशी बोलावे, कारण बरेचसे प्रसंग सवयीने घडतात आणि दाखवून दिल्यावर थांबतात. न थांबल्यास बालविकास प्रकल्प अधिकारी आणि जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग यांच्याकडे लेखी अर्ज करावा. आहाराविषयीची तक्रार राज्य अन्न आयोगाकडे, तर मुलाच्या हक्कांविषयीची तक्रार राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे करता येते. अर्जात दिवस, वेळ आणि घडलेली गोष्ट साध्या शब्दांत लिहावी, मुलाला कोणासमोर उभे करून ‘काय झालं ते सांग’ असे विचारू नये, आणि अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.